शुक्रवारचा नर

नवा नर ट्रकच्या हौद्यात पाय बांधून आणला होता. सोबत सिमेंटची पोती, एक शिलाई मशीन आणि चार माणसं. खिंडीपलीकडचा इलारियोन त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता, कारण ट्रकवाल्याने वळणावरसुद्धा गाडी हळू केली नव्हती.

सातुर्निनो ओझ्याचे दोन लामा घेऊन सकाळपासून रस्त्यावर उभा होता. सौदा त्याने केला नव्हता. त्याच्या बायकोने, असुंताने, आदल्या वर्षी जत्रेत केला होता. ओझं वाहणारे दोन लामा द्यायचे आणि हा लोकरीचा पांढरा अल्पाका तीन वर्षांचा झाला की घ्यायचा. आता तो तीन वर्षांचा झाला होता. असुंता ऑगस्टमध्ये गेली.

"वहिनींनी तासभर याचे दात बघितले होते," इलारियोन दोरी सोडता सोडता म्हणाला. "मी लग्नाआधी बायकोचे एवढे बघितले नव्हते."

"बघायला हवे होतेस. आता किती राहिलेत तिचे?"

"समोरचे चार. पण चावतात चांगले."

दोघे हसले. मग इलारियोनने टोपी काढली, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा टोपी घातली. लामा ट्रकमध्ये चढवले. ट्रक गेला.

कळप असुंताचा होता. तिला तो तिच्या आईकडून आला होता. तिकडे अल्पाका बाईकडून बाईकडे जातात, त्यामुळे आता तो मुलीचा, नियेवेसचा होता. नियेवेस आरेकिपा शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात होती. आईला पुरल्यावर सहाव्या दिवशी ती स्पष्ट म्हणाली, "बाबा, चाळीस माद्या तुम्हाला एकट्याला झेपणार नाहीत. कळप मी मावशीला देते. तुम्ही माझ्याकडे चला."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि नळाला पाणी होतं. सातुर्निनोला तिथे काही वाईट दिसलं नव्हतं. पण त्याला जायचं नव्हतं. त्याने एकच पावसाळा मागून घेतला. तिकडे पाऊस डिसेंबरात लागतो. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सणापर्यंत माद्या गाभण राहिल्या तर कळप इथे राहील आणि तोही. नाही राहिल्या तर कळप मावशीचा, आणि तो मुकाट्याने शहरात जाईल. नियेवेस बरं म्हणाली. कार्निव्हलला ती येणार होती.

जुन्या नराच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. कपितान नऊ वर्षं कळपात होता. निम्म्या माद्या त्याच्याच मुली. गेल्या वर्षी दोन पिल्लं वाकड्या जबड्याची झाली. त्यांना दूध ओढता येईना, ती मेली. तेव्हाच असुंताने बाहेरचा नर बघायला घेतला होता.

अडचण अशी होती की सातुर्निनोला यातलं काही येत नव्हतं. लामा तो जाणत होता. किती ओझं लादायचं, कुठल्या चढावर थांबायचं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. अल्पाकांची लोकर कापणं, कोल्ह्यावर गोफण मारणं हेही त्याचंच. पण माद्यांना नर लावायचा तो पावसाळ्यात, आणि तीस वर्षं दर पावसाळ्यात तो खाली दरीत बटाट्याच्या शेतांवर कामाला जायचा. कार्निव्हलला बटाट्याची पोती घेऊन वर यायचा, तेव्हा सगळं उरकलेलं असायचं. शेजारच्या घरात काय शिजतं ते जितकं आपल्याला कळतं, तितकंच त्याला माद्यांचं कळत होतं. वास येतो, एवढंच.

नर घेऊन तो घरी पोचला तेव्हा ग्रेगोरिया अंगणात येऊन बसलेली होती. ही असुंताची मोठी बहीण. ओढ्यापलीकडे राहायची. तिच्याकडे तीस माद्या होत्या. हातात लोकर कातायची चाती होती, ती फिरतच होती.

"हाच का जावई?"

"हाच, अक्का."

"गोरा आहे." तिने चाती कमरेला खोचली, नराचे ओठ उघडून दात बघितले, लोकरीत बोटं घातली, मग शेपूट उचलून खाली हात घातला. नराने लाथ मारली, ती तिने चुकवली. "दोन्हीकडे सारखं आहे. मोठं आहे. बरंय. आणि तुम्ही दाजी, रस्त्यापासून याला मागून हाकत आणलात? शिट्ट्या मारत?"

"मग कसा आणायचा?"

"पुढे चालायचं! तो काय मिठाची पोती घेऊन निघालाय का? अल्पाका माणसाच्या मागून येतो. हाकलला की त्याला वाटतं, आपण काहीतरी चोरलंय."

"चहा टाकतो."

"चहा नको. शुक्रवारी बघू." आणि ती चाती फिरवत ओढ्याकडे गेली.

शुक्रवारी ती येणार आणि सगळं तपासणार, असा त्याने अर्थ घेतला. त्याला ते आवडलं नाही, पण तिचा हक्क होता.

त्याने कपितानला घरामागच्या लहान वाडग्यात, दगडी कुंपणात, कोंडलं. मोठ्या वाडग्याच्या दगडाखाली नैवेद्य म्हणून चघळायच्या कोकाची तीन पानं ठेवली, दारूचा एक घोट जमिनीवर, एक डोंगराच्या दिशेने आणि एक स्वतःच्या घशात टाकला. असुंता यानंतर काहीतरी पुटपुटायची. ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो जरा वेळ नुसता उभा राहिला. मग दोरी धरून, पुढे चालत, नराला आत नेलं.

चाळीस माना एकदम वर झाल्या. माद्या आल्या, गोल करून उभ्या राहिल्या, नराला पुढून मागून हुंगलं. नर ताठ उभा. कान मागे, शेपूट पाठीवर. एकदोघी त्याच्या तोंडावर थुंकल्या. मग तो त्यांच्यातून वाट काढत कळपाच्या लेंड्यांच्या ढिगाकडे गेला. तो ढीग त्याने बराच वेळ हुंगला आणि त्याच्यावर आपल्या लेंड्या टाकल्या. त्यानंतर त्याला कोणी हुंगलं नाही. घरामागून कपितान ओरडत होता, तिकडे कोणी बघितलं नाही.

दुपारी नराने घशात गुळण्या केल्यासारखा आवाज काढत एका मादीचा पाठलाग केला. ती थोडी पळाली, मग खाली बसली. सातुर्निनोने बाजूला तांबडी माती कालवून ठेवली होती. काम झालं की मादीच्या पाठीवर हाताचा एक ठसा. संध्याकाळपर्यंत पाच ठसे झाले. पाचव्या दिवसाअखेर एकोणीस. त्या संध्याकाळी त्याने सूप जरा घट्ट केलं. सूप अजून दोन माणसांचं होत होतं, उरलेलं कुत्र्याला जायचं.

सहाव्या दिवशी नर बसला.

त्या दिवशी शुक्रवार होता. सातुर्निनोने अंगण झाडून ठेवलं होतं, चहाही केला होता. ग्रेगोरिया आली नाही. चहा निवला. नर बसलेला तिला दिसला नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

पण नर दुसऱ्या दिवशीही उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे चरायला उठायचा, पाण्याला जायचा, पण माद्यांकडे बघायचा नाही. दोनतीन माद्या आपण होऊन त्याच्यासमोर जाऊन बसल्या. त्याने तोंड फिरवून रवंथ चालू ठेवला. गारा पडल्या, वितळल्या, पुन्हा पडल्या. सातुर्निनोने त्याचे डोळे बघितले, खूर बघितले, उवा शोधल्या, लेंडी फोडून बघितली. सगळं ठीक होतं. त्याला जव खाऊ घातला. जव त्याने खाल्ला.

टेकडीवर चढलं की फोनला रेंज मिळायची. त्याने इलारियोनला फोन लावला.

"परत घेणार नाही," इलारियोन आधीच म्हणाला. "लामा मीठ आणायला गेलेत."

"परत कोण देतंय. तुझ्याकडे हा असा बसायचा का?"

"माझ्याकडे? बाबा रे, माझ्याकडे तर कुंपणाच्या खांबालासुद्धा भीती वाटायची याची."

मग त्याला आपला डोंगर आठवत असेल, असं सातुर्निनोने ठरवलं. नवी जागा, नवं पाणी, ओळखीचं कोणी नाही. पहिल्या दिवशी दारू कमी टाकली, असंही त्याला वाटलं. म्हणून त्याने पुन्हा टाकली. नराला तो एक क्षणही माद्यांपासून दूर ठेवेना. चरायला त्यांच्यात, रात्री वाडग्यात त्यांच्यात. स्वतःही दिवसभर त्याच्याजवळ बसून राहायचा. दोघे शेजारी शेजारी बसायचे आणि एकवीस कोऱ्या पाठींच्या माद्या समोर चरत असायच्या.

दुसरा शुक्रवारही गेला. शनिवारी तो टेकडीवर असताना नियेवेसचा फोन आला.

"बाबा, मावशीचा फोन आला होता. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"ती म्हणते, तुझ्या बापाला नराचं कळत नाही आणि माणसांचंही कळत नाही. कळप आत्ताच माझ्या नावावर कर म्हणते. इतकी चिडलेली मी तिला कधी ऐकली नाही."

"कार्निव्हलपर्यंत ठरलंय आपलं."

"ठरलंय. पण माद्या?"

"चालू आहे," तो म्हणाला. हे खोटं होतं.

आता हिशेब सरळ होता. कार्निव्हलला सहा आठवडे होते. काय करायचं ते सांगू शकेल असं माणूस आता या खोऱ्यात एकच होतं, आणि नर बसूनच राहिला तर कळप त्याच माणसाला मिळणार होता. सातुर्निनोने रविवार त्यात घालवला. सोमवारी त्याने चार पाव आणि कोकाची पिशवी फडक्यात बांधली आणि ओढा ओलांडला.

ग्रेगोरिया दारात वाळवलेले बटाटे निवडत बसली होती. उठली नाही.

"वाट चुकलात का दाजी?"

"नाही." त्याने फडकं तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उघडलं नाही. तो दगडावर बसला. "अक्का, नर बसलाय."

"कुठे?"

"लेंड्यांच्या ढिगाजवळ."

"कधीपासून?"

"सहाव्या दिवसापासून."

तिचे हात थांबले. "सहावा दिवस म्हणजे शुक्रवार."

"असेल."

"असेल काय, होताच! त्या शुक्रवारी मी सकाळपासून इथे उभी. वाडगं झाडून घेतलेलं. तीस माद्या आत कोंडून ठेवलेल्या, उपाशी. अंधार पडेपर्यंत ओढ्याकडे बघत होते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. लोक विचारायला लागले, कोणाची वरात येतेय म्हणून."

"कशासाठी?"

तो थट्टा करतोय का, हे तिने नीट बघून घेतलं. तो थट्टा करत नव्हता.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

ग्रेगोरियाने बटाट्यांची पाटी बाजूला सारली. "अहो, पाच-सहा दिवस त्याच त्या माद्या बघितल्या की नर बसतो. कुठलाही. कपितान बसायचा, त्याच्या आधीचा बसायचा. आजारी नसतो, रुसलेला नसतो. त्याला दुसरीकडे न्यायचं. आठ दिवसांनी परत आणलात की त्याच माद्या त्याला नव्या वाटतात."

"दुसरीकडे कुठे?"

"इथे! माझ्याकडे! आई गेली तेव्हा कळप आम्हा दोघींत वाटला. माद्या वाटल्या, पिल्लं वाटली, नर एकच होता. नर कसा वाटणार? तेव्हापासून दर शुक्रवारी ओढा ओलांडायचा. एका शुक्रवारी असुंता इकडे आणून सोडायची, पुढच्या शुक्रवारी मी तिकडे. सव्वीस वर्षं."

सातुर्निनोने वळून ओढ्याकडे बघितलं.

"तुम्ही आणलाच नाहीत. मला वाटलं, बहीण गेली, आता दाजींच्या लेखी मी कोण? नर त्यांनी लामा देऊन आणलाय, तो आता त्यांचा एकट्याचा."

"तुम्ही शुक्रवारी बघायला येणार, असं मला वाटलं."

"बघायला? त्याच्या शेपटीखाली हात घालून बघितला होता की मी! अजून काय बघायचं राहिलं होतं?"

"मला तिने कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्याने आठवून बघितलं. कार्निव्हलला वर आला की तो विचारायचा ते गारांचं, कोल्ह्याचं आणि किती पिल्लं जगली त्याचं. तीसही वर्षं हेच तीन प्रश्न.

"नाही."

"मग तिला वाटलं असेल, माहीत असेल यांना. एवढं कोणाला माहीत नसतं?" मग ती म्हणाली, "आणि तुम्हाला वाटलं, म्हातारीला कळप हवाय म्हणून ती गंमत बघतेय."

"हो."

"मागितला मी. रागात मागितला. पण सत्तर माद्या हाकायला गुडघे कोणाचे आणू? तुमचे?" तिने फडकं उघडून एक पाव मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे केला. "खा. आणि जा, घेऊन या त्याला."

"शुक्रवारी?"

"तुमच्या डोक्यात बटाटे भरलेत का हो? आत्ता!"

तो गेला आणि नर घेऊन आला, पुढे चालत. ओढ्यापर्यंत नर मान खाली घालून आला. ओढ्याच्या मध्यावर वारा फिरला आणि ग्रेगोरियाच्या वाडग्याचा वास आला. नराने मान वर केली, घशात गुळण्या सुरू केल्या आणि धावला. दोरी सातुर्निनोच्या मनगटाला गुंडाळलेली होती. तो गुडघ्यावर आपटला, मग पोटावर, आणि उरलेला ओढा त्याने तसाच ओलांडला. टोपी वाहून गेली. काठावर ग्रेगोरिया हसता हसता खाली बसली, आणि मग हसतच शालीच्या टोकाने डोळे पुसत बराच वेळ तशीच बसून राहिली.

"तुम्हाला पण सोडू का वाडग्यात?" शेवटी तिने विचारलं.

"आधी टोपी शोधतो," सातुर्निनो म्हणाला.

आठ दिवसांनी ती नर घेऊन आली. त्या वेळी बारा नवे ठसे झाले. नर मंदावला की सातुर्निनो त्याची दोरी धरून त्याला ओढ्यापलीकडे न्यायचा. पुढच्या खेपेला आणखी सहा. तीन माद्यांना त्याने शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही, की त्यांनी त्याला, हे सातुर्निनोला सांगता आलं नसतं.

कार्निव्हलच्या दोन दिवस आधी नियेवेस आली. पायात शहरातले पांढरे बूट, अंगात स्वतः शिवलेलं निळं जाकीट. "ते काढून ठेव," ग्रेगोरिया म्हणाली. नियेवेसने काढलं नाही.

परीक्षा सोपी असते. मादीला धरायचं आणि नराला समोर आणायचं. पोटात पिल्लू असेल तर ती त्याला उभं करत नाही, थुंकते. नसेल तर खाली बसते. म्हणून त्या दिवशी सगळे थुंकीची वाट बघत असतात.

पहिली मादी धरली. नर पुढे झाला. मादीने कान मागे टाकले, हनुवटी वर केली आणि पोटातलं हिरवं चघळलेलं गवत सगळं नराच्या तोंडावर फेकलं. निम्मं नियेवेसच्या जाकिटावर आलं.

"एक," ग्रेगोरिया म्हणाली आणि तिने भिंतीवर एक खडा ठेवला.

दुसरी थुंकली. तिसरी थुंकली. चौथी बसली, तेव्हा नर ओढून बाजूला घेतला. दुपारपर्यंत चाळीस झाल्या. तिघांच्या केसांत, भुवयांत, कानांत हिरवं झालं होतं आणि वास असा की कुत्रं अंगणाबाहेर जाऊन बसलं. भिंतीवर एकतीस खडे होते. पाच बसल्या होत्या. चार नुसत्या पळाल्या होत्या.

"पळाल्या त्यांचं काय?" नियेवेसने विचारलं.

"त्या चारही पहिलटकरणी. त्यांना स्वतःलाच माहीत नाही अजून," ग्रेगोरिया म्हणाली.

नियेवेस खड्यांकडे बघत राहिली. सातुर्निनो दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी त्याने ती पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आई असताना किती थुंकायच्या?"

"पस्तीस. छत्तीस. एका वर्षी मात्र अठ्ठावीसच."

"कधी?"

"तू झालीस त्या वर्षी. दोन शुक्रवार तिला उठवलं नाही. नर माझ्याकडेच राहिला."

नियेवेस जानेवारीत झाली होती. सातुर्निनोला ते कार्निव्हलला कळलं होतं, पोती उतरवताना. त्या वर्षी अठ्ठावीस होत्या, हे त्याला आज कळलं.

"एकतीस म्हणजे वाईट नाही मग," नियेवेस म्हणाली.

"वाईट? पहिल्याच पावसाळ्यात? तुझ्या आईने ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. मी तर डोळ्यांनी बघितलंय तरी ठेवत नाही."

"मी तुमच्यासाठी खाट घेतली होती, बाबा."

"मोठी आहे का?"

"बरी आहे."

"मग त्यावर कापडाचे तागे ठेव."

"ठेवीन." तिने जाकीट काढून उलटं केलं आणि त्याच्या आतल्या बाजूने तोंड पुसलं. "पुढच्या वर्षी मी जुनं घालून येईन."

ग्रेगोरिया खडे गोळा करून ओच्यात टाकत होती. सातुर्निनो दोरी घेऊन तिच्याजवळ गेला.

"अक्का, त्या पाच बसल्या, त्यांना आता परत नर लावायचा की राहू द्यायच्या?"

"आता लावलात तर पिल्लं उशिरा होतील. थंडी सुरू होताना."

"मग मरतील?"

"काही मरतील, काही नाही. असुंता दोन लावायची, तीन सोडायची."

"कुठल्या दोन?"

ग्रेगोरियाने कंबर सरळ केली आणि कळपाकडे बघून सांगायला सुरुवात केली. वय, दात, अंगावरची चरबी, आधीच्या पिल्लांचं काय झालं ते, कुठली आई म्हणून बरी आणि कुठली पिल्लू टाकून चरायला जाते. बरंच होतं. मध्येच गारा सुरू झाल्या. नियेवेस घरात पळाली. ते दोघे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तिने सांगायचं थांबवलं नाही आणि त्यानेही तिला थांबवलं नाही.